इंटरनेटवरून डाउनलोड: वेगापेक्षा सातत्य मोलाचे

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले मेढा वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. तालुक्याचा बराच भाग डोंगराळ असून त्याची एक बाजू बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयाला जाऊन भिडते. अशा मुलखात पावसाळ्यात वीज जाणे, मोबाइलची रेंज मधूनच नाहीशी होणे आणि त्याबरोबर इंटरनेट खंडित होणे यात नवल काही नाही. ज्याला दिवसरात्र अखंड जोडणी मिळते, त्याच्या दृष्टीने एखादी चित्रफीत इंटरनेटवर पाहणे आणि ती आपल्या संगणकावर उतरवून घेणे यांत फारसा फरक उरलेला नाही. डोंगरी तालुक्यातील विद्यार्थी, शिक्षक आणि शेतकरी यांच्यासाठी मात्र तो फरक आजही मोठा आहे. संगणकावर उतरवलेली प्रत रेंज नसतानाही उघडते. न उतरवलेली चित्रफीत नेमकी हवी त्या वेळी मिळेलच, याची शाश्वती नसते.

हे काम करणारी साधने पंचवीसहून अधिक वर्षांपासून उपलब्ध आहेत. त्यांपैकी काही अत्यंत उपयुक्त, काही निरुपयोगी, तर काही उघडपणे घातक ठरली. कोणते साधन निवडावे हे समजण्यासाठी डाउनलोड म्हणजे नेमके काय घडते, हे आधी जाणून घेणे इष्ट ठरते.

डाउनलोड म्हणजे काय?

इंटरनेटवरील प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संगणकावर, ठेवलेली असते. आपला ब्राउझर त्या सर्व्हरकडे फाइलची मागणी करतो आणि सर्व्हर ती लहान लहान पुडक्यांच्या स्वरूपात पाठवतो. ही पुडकी जोडून आपल्या हार्ड डिस्कवर मूळ फाइलची हुबेहूब प्रत तयार होते. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे नियम प्रथम मांडण्याचा मान एका भारतीयाकडे जातो. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये 'एफटीपी' या पद्धतीचा पहिला आराखडा लिहिला. पुढे अनेक वर्षे इंटरनेटवरील फाइलींची ने-आण प्रामुख्याने याच पद्धतीने होत असे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या माध्यमातून. त्या काळातील जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या साह्याने होत असे. पुढे आलेल्या सर्वांत वेगवान मोडेमचा कागदोपत्री वेग सेकंदाला ५६ किलोबिट एवढाच होता. एका सीडीत मावणारी ७०० मेगाबाइटची फाइल या वेगाने उतरवायची तर हिशेबाने सुमारे २८ तास लागत, आणि प्रत्यक्षात तेवढा वेगही क्वचितच मिळे. एवढा वेळ फोनची तार अडवून ठेवणे शक्य नव्हते. मधे कोणाचा फोन आला किंवा वीज गेली की आतापर्यंतची सारी मेहनत वाया जाई आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

डाउनलोडच्या साधनांचा जन्म झाला तो या अडचणीतून.

तुटलेला धागा जोडण्याची युक्ती

जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या 'एचटीटीपी' या नियमावलीची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ब्राउझरने सर्व्हरकडे संपूर्ण फाइल न मागता तिचा ठरावीक भागच मागण्याची सोय तीत होती. समजा, १०० मेगाबाइटच्या फाइलीचे ६० मेगाबाइट उतरले आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडणी मिळताच साधन सर्व्हरला सांगते की 'एकसष्टाव्या मेगाबाइटपासून पुढचे द्या'. सर्व्हर '२०६' या क्रमांकाचे उत्तर देतो. 'मागितलेला भाग पाठवत आहे', असा त्याचा अर्थ. उरलेले ४० मेगाबाइट उतरले की फाइल पूर्ण होते. यालाच 'रिझ्यूम' म्हणतात.

यासाठी सर्व्हरने ही सोय दिलेली असावी लागते आणि मधल्या काळात मूळ फाइल बदललेली नसावी लागते. अनेक संकेतस्थळे डाउनलोडचा दुवा काही मिनिटे किंवा काही तासच चालू ठेवतात. दुवा मुदतबाह्य झाल्यास रिझ्यूम होत नाही. अशा वेळी संकेतस्थळावर जाऊन नवा दुवा घ्यावा आणि अर्धवट फाइल न पुसता तो साधनाला द्यावा. चांगल्या साधनांत तशी सोय असते.

याच नियमाचा दुसरा उपयोग म्हणजे फाइलीचे चार किंवा आठ भाग करून ते एकाच वेळी मागणे. 'वेग पाचपट' अशा जाहिरातींमागील रहस्य एवढेच. सर्व्हर प्रत्येक जोडणीला मर्यादित वेग देत असेल, तर या युक्तीने खरोखर फायदा होतो. परंतु आपल्या घरापर्यंत येणारी जोडणीच मंद असेल, तर तुकडे कितीही केले तरी वेग वाढत नाही. मळ्याला येणारी पाइप एकच असेल, तर तोट्या वाढवून पाणी वाढत नाही, तसेच हे आहे. म्हणून ग्रामीण भागातील वापरकर्त्याने साधन निवडताना वेगाच्या दाव्यांना भुलू नये. तुटलेले डाउनलोड ते किती भरवशाने पुन्हा जोडते, हे पाहावे.

रात्री दोनचा गजर

गेटराइट, फ्लॅशगेट, डाउनलोड ॲक्सिलरेटर प्लस, इंटरनेट डाउनलोड मॅनेजर ही नावे २००० च्या दशकात संगणक वापरणाऱ्यांच्या परिचयाची होती. त्यांपैकी काहींच्या मोफत आवृत्त्यांत जाहिराती असत. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले जाई. या सेवेच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर मोजला जात नसे. साहजिकच घरोघरी रात्रीचे डाउनलोड सुरू झाले. ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू आणि बंद करण्याची या साधनांतील सोय तेव्हा सर्वाधिक उपयोगी पडली. ७०० मेगाबाइटची फाइल २५६ किलोबिटच्या वेगाने उतरवण्यास सुमारे ६ तास लागतात. रात्रीची ती सवलतही नेमकी ६ तासांचीच होती!

ब्रॉडबँडची व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर, तर २०२३ मध्ये २ मेगाबिटवर नेण्यात आली. २ मेगाबिटच्या वेगाने तीच फाइल पाऊण तासात उतरते. तथापि, वेग वाढला म्हणून जोडणी तुटणे थांबलेले नाही. त्यामुळे रिझ्यूमची गरज डोंगरी भागात कायम आहे.

आजची भरवशाची साधने

साध्या फाइलींसाठी आजचे ब्राउझरच पुरेसे आहेत. क्रोम, फायरफॉक्स, एज या सर्वांत थांबलेले डाउनलोड पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. अनेक मोठ्या फाइली घ्यायच्या असतील, तर फ्री डाउनलोड मॅनेजर हे मोफत साधन किंवा इंटरनेट डाउनलोड मॅनेजर हे विकत मिळणारे साधन वापरता येते. फायरफॉक्सला जोडता येणारे 'डाउन देम ऑल' हे एक्स्टेंशनही उपयुक्त आहे. एखाद्या पानावर प्रकरणवार ठेवलेल्या पंचवीस पीडीएफ असतील, तर त्या एकेक न निवडता एकदम रांगेत लावता येतात.

संगणकाची थोडी अधिक माहिती असणाऱ्यांसाठी दोन जुनी आणि अतिशय खात्रीची साधने आहेत. क्रोएशियाचे ह्र्वोये निक्शिच यांनी १९९६ मध्ये तयार केलेले 'डब्ल्यूगेट' आणि स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग यांचे 'कर्ल'. या दोहोंना खिडक्या किंवा बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करावी लागते. 'डब्ल्यूगेट'च्या आज्ञेत हायफन आणि इंग्रजी लहान 'सी' हे अक्षर लिहिले, की अर्धवट फाइल पुढे सुरू होते. 'कर्ल' तर २०१८ पासून विंडोज १० मध्येच अंतर्भूत असल्याने ते वेगळे घ्यावे लागत नाही. दोन्ही साधने मुक्त आहेत, म्हणजे त्यांची संगणकीय संहिता कोणालाही तपासता येते. त्यांत जाहिराती नाहीत.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेली 'बिटटोरेंट' ही पद्धत यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात फाइल एका सर्व्हरवरून न येता ती आधीच उतरवलेल्या अनेकांच्या संगणकांवरून तुकड्या-तुकड्यांनी येते. प्रत्येक तुकड्याची तपासणी आपोआप होते आणि बिघडलेला तुकडा तेवढाच पुन्हा मागवला जातो. जोडणी कितीही वेळा तुटली तरी काम पुढे चालू राहते. चोरीच्या चित्रपटांमुळे ही पद्धत बदनाम झाली असली, तरी ती स्वतः बेकायदा नाही. उबंटूसारखी मोफत संगणक प्रणाली तिचे निर्मातेच टोरेंटद्वारे देतात. मात्र यात आपल्या संगणकावरून इतरांना फाइल जातही असते आणि तो वापर मर्यादित योजनेत मोजला जातो, हे ध्यानात ठेवावे.

चित्रफितींचे प्रकरण निराळे

यूट्यूबवर पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढवली गेली. त्या सुरुवातीच्या वर्षांत चित्रफीत ही 'एफएलव्ही' नावाची एक सलग फाइल असे आणि फ्लॅश या तंत्राने ती ब्राउझरमध्ये दिसत असे. फाइलीचा पत्ता शोधून काढला, की ती सहज उतरवता येई. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यापूर्वीच चित्रफिती देण्याची रीत बदलली होती.

आज बहुतेक मोठी संकेतस्थळे चित्रफितीचे काही सेकंदांचे असंख्य तुकडे करून ठेवतात. प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत असतो. जोडणी मंदावली की ब्राउझर पुढचा तुकडा कमी स्पष्टतेचा मागतो. चित्र मधेच धूसर होते, ते यामुळे. अनेकदा चित्र आणि ध्वनी यांच्या फाइलीही वेगळ्या असतात. म्हणून पानावर उंदराचे उजवे बटण दाबून चित्रफीत साठवण्याचा प्रयत्न फसतो. साठवायला सलग फाइल तेथे नसतेच. चित्रफीत उतरवणारी साधने या तुकड्यांची यादी मिळवतात, ते एकेक करून आणतात आणि शेवटी जोडून एकसंध फाइल तयार करतात.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध मुक्त साधन म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेले 'यूट्यूब-डीएल'. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केल्यावर २३ ऑक्टोबर २०२० रोजी 'गिटहब' या संकेतस्थळाने ते काढून टाकले. पत्रकार आणि अभ्यासकांसह अनेकांनी त्याचे वैध उपयोग निदर्शनास आणून दिले आणि १६ नोव्हेंबर २०२० रोजी ते परत ठेवण्यात आले. त्याच संहितेवरून पुढे 'वायटी-डीएलपी' हे साधन विकसित झाले.

कायदा काय म्हणतो?

साधन वैध असले म्हणून त्याचा प्रत्येक वापर वैध ठरत नाही. यूट्यूबच्या वापराच्या अटींनुसार सेवेत स्पष्ट मुभा असल्याखेरीज किंवा लेखी परवानगीखेरीज चित्रफीत उतरवून घेता येत नाही. ॲपमध्ये डाउनलोडचे बटण असते, परंतु ती प्रत त्या ॲपमध्येच दिसते. वेगळी फाइल म्हणून ती पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. आपण स्वतः चढवलेली चित्रफीत मात्र यूट्यूबच्या निर्मात्यांसाठीच्या विभागातून परत उतरवता येते. गावच्या यात्रेचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे किंवा भजनी मंडळाच्या कार्यक्रमाचे चित्रण इंटरनेटवर चढवून मूळ फाइल पुसून टाकणारे पुष्कळ असतात. खाते बंद पडले किंवा पासवर्ड विसरला, की ती आठवण कायमची हातची जाते. अशांनी तरी आपल्या चित्रफितींची प्रत वेळीच घरी आणून ठेवावी.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा असून २०१२ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी कृतीचा रास्त वापर कलम ५२ नुसार मान्य आहे. मात्र संगणकीय प्रोग्रॅम या सवलतीत येत नाहीत. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हक्कभंगाच्या हेतूने फाइलीचे तांत्रिक कुलूप तोडणे हाही कलम ६५ अ नुसार गुन्हा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकातील माहिती उतरवून घेण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

हक्कांची मुदत संपली, की मात्र कृती सर्वांची होते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि चित्रपट प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे, अशी ही मुदत आहे. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून मुक्त आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी काही रिळे शिल्लक आहेत, तीही आज सर्वांची आहेत.

सर्वांत मोठा धोका: साधन स्वतःच

डाउनलोडच्या बाबतीत अनेकदा फाइलीपेक्षा ती उतरवण्याचे साधनच घातक निघते. 'ऑर्बिट डाउनलोडर' हे एकेकाळी अतिशय लोकप्रिय साधन. ऑगस्ट २०१३ मध्ये 'ईसेट' या सुरक्षा कंपनीने असे उघड केले, की ते वापरकर्त्याच्या नकळत त्याच्या संगणकाचा उपयोग इतर संकेतस्थळांवर हल्ले करण्यासाठी करीत होते. २०११ मध्ये 'डाउनलोड डॉट कॉम' या नामांकित संकेतस्थळाने मोफत सॉफ्टवेअरभोवती स्वतःचे आवरण चढवून त्यातून अनावश्यक टूलबार देण्यास सुरुवात केली. त्यावर सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनीच जोरदार आक्षेप घेतला होता.

'व्हीएलसी' हे चित्रफीत पाहण्याचे प्रख्यात मोफत साधन. त्याचे अधिकृत संकेतस्थळ २०२२ मध्ये अनेक महिने भारतात उघडत नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ही बंदी उठली. अधिकृत दार बंद असले, की बाजूच्या कुठल्याही दारातून आत शिरण्याचा मोह होतो आणि बनावट प्रती देणाऱ्यांचे फावते ते अशाच वेळी.

चित्रफितीचा पत्ता चिकटवून ती थेट उतरवून देणारी संकेतस्थळेही पुष्कळ आहेत. त्यांच्या पानावर 'डाउनलोड' अशी चार-पाच मोठी रंगीत बटणे असतात आणि त्यांपैकी बहुतेक जाहिरातींची असतात. 'तुमचा प्लेअर जुना झाला आहे', 'संगणकात व्हायरस सापडला', असे सांगणाऱ्या खिडक्या हा त्याच सापळ्याचा भाग होय. ब्राउझर 'सूचना पाठवू का?' असे विचारू लागला, तर तेथे नकारच द्यावा.

फाइल उघडण्यापूर्वी

विंडोजमध्ये फाइलीच्या नावाचे शेवटचे ओळखचिन्ह, म्हणजे एक्स्टेंशन, सहसा लपवलेले असते. त्यामुळे गाण्याच्या नावामागे 'एमपी३' आणि त्याही मागे 'ईएक्सई' असलेली फाइल पडद्यावर निव्वळ गाणे म्हणून दिसते. प्रत्यक्षात 'ईएक्सई' म्हणजे चालवला जाणारा प्रोग्रॅम असतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेंशन दाखवण्याचा पर्याय निवडून ठेवल्यास ही फसवणूक लगेच लक्षात येते. चित्रफीत किंवा पुस्तक मागितले असता 'ईएक्सई' हाती आले, तर ते न उघडता पुसून टाकावे.

अनेक निर्माते फाइलीसोबत 'एसएचए-२५६' नावाची ६४ अक्षरांची ओळखखूण देतात. विंडोजच्या पॉवरशेलमधील 'गेट-फाइलहॅश' या आज्ञेने आपल्या प्रतीची खूण काढता येते. दोन्ही खुणा जुळल्या, तर फाइल वाटेत बिघडलेली किंवा बदललेली नाही. एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी ती वापरू नये. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर घातक प्रोग्रॅम शोधून काढणारी साधने मोफत मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

मराठी वाचकाने काय उतरवावे?

उतरवण्याजोगे कायदेशीर साहित्य मराठीत आता विपुल आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. 'दीक्षा' या ॲपवरील धडे रेंज असताना उतरवून नंतर पाहता येतात. २०२० मध्ये शाळा बंद असताना या सोयीचे मोल अनेक घरांना कळले. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक ग्रंथांची पीडीएफ, मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्ह हीदेखील हक्काची ठिकाणे आहेत.

शेतकऱ्यांसाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शुल्क भरून उतरवता येतो. ही स्वाक्षरी पीडीएफ फाइलीत असते. मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र काढून ठेवल्यास ती त्यात येत नाही. म्हणून मूळ फाइलच जपून ठेवावी.

उतरवलेल्या फाइली शाळेत किंवा शेजारी पेन ड्राइव्हने नेताना एक अडचण हमखास येते. 'फॅट-३२' पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, मग जागा कितीही शिल्लक असो. तो 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केल्यास ही मर्यादा राहत नाही. फॉरमॅट करताना आतील सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून तो आधी दुसरीकडे ठेवावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत तर दोन ठिकाणी असावीच, कारण पेन ड्राइव्हही एक दिवस बंद पडतो.

संकेतस्थळे बंद होतात, दुवे नाहीसे होतात आणि काल दिसलेली चित्रफीत आज काढून टाकलेली असते. यावर खर्चिक साधनाची गरज नाही. अधिकृत ठिकाणाहून घेतलेले एक साधे, रिझ्यूम करणारे साधन, उघडण्यापूर्वी फाइल तपासण्याची सवय आणि दुसऱ्याच्या हक्काची चाड एवढे पुरेसे आहे. पावसाळ्यात रेंज जाण्यापूर्वी मुलांची पुस्तके आणि घरचे दाखले संगणकात आलेले असावेत, म्हणजे पुढचे दोन दिवस इंटरनेट आले नाही तरी काम अडणार नाही.